उजवीकडचा मनोरा

कलाशाळेतल्या आपल्या दिवंगत सरांच्या चित्रप्रदर्शनात इंदुमती केळुसकर एका जुन्या फ्रेमसमोर थबकल्या. गोव्याच्या से कॅथेड्रल चर्चचं, धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं एचिंग होतं आणि खालच्या चिठ्ठीवर सरांचं नाव होतं.

"हे माझं आहे. बाविसाव्या वर्षी केलेलं," त्या म्हणाल्या.

संयोजक हसला. "आजी, पुरावा काय?"

"या चर्चला एकच मनोरा आहे, डावीकडे. इथे तो उजवीकडे आलाय. पत्र्यावर उलटं कोरलं तरच छाप सुलट येते, ते मी विसरले. सरांच्या हातून अशी चूक झाली असती?"

संयोजकाने मोबाइलवर चर्चचा फोटो पाहिला आणि त्याचं हसू मावळलं. "पण आजी, उद्घाटन झालंय. आता नाव कसं बदलणार?"

"असं!" म्हणत इंदुमतीबाईंनी त्याच्या खिशातलं पेन काढलं, सगळ्यांदेखत सरांचं नाव खोडलं आणि ठसठशीत अक्षरांत आपलं लिहिलं.