बाराच्या आत

चर्चच्या घड्याळात बाराचे ठोके पडले आणि शहरातल्या पंचांनी कात्री उचलली. डोंगरातल्या धावण्याच्या शर्यतीत बारापर्यंत वाटेतल्या आमच्या गावच्या चौकात न पोचणाऱ्याच्या छातीवरचा क्रमांक कापतात. टपाल वाटणारी ओब्दुलिया दोन वर्षं इथेच बाद झाली होती. यंदा ती अजून चेस्टनटच्या झाडांतून धापा टाकत उतरत होती. “पळ गं, टपाल नाहीये हे, वेळेवर पोचायचंय!” बेकरीवाली ओरडली. मी घसा खाकरला. “साहेब, आमचं घड्याळ दोन मिनिटांनी पुन्हा वाजतं. आधी शेतातल्या माणसानं कान टवकारावेत म्हणून, मग ठोके मोजावेत म्हणून. इथे दुसरेच ठोके धरतात.” पंच गोंधळले, तेवढ्यात ठोके सुरू झाले. अख्खा चौक मोठ्यानं मोजू लागला. अकराव्याला ओब्दुलियाचा हात पंचांच्या टेबलाला लागला. “बारा,” पंच एकटेच म्हणाले. आम्ही सगळे तिच्यामागे शर्यतीच्या पुढच्या चढावर पळत सुटलो होतो.