जुनं रिव्हॉल्व्हर, चालू स्थितीत

नवऱ्याने रिव्हॉल्व्हर पलंगाच्या पायथ्याशी वर्तमानपत्रावर ठेवलं आणि विचारलं, "तुझा जुना टूथब्रश कुठाय गं?"

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. लेक गेल्याला साडेपाच महिने झाले होते आणि तेवढे महिने ती त्याच भिंतीकडे बघत होती. एव्हाना भिंतीलाही अवघडल्यासारखं झालं असणार.

"कशाला?" ती म्हणाली.

"नळी घासायला. सेकंडहँड आहे. आधीच्या मालकाने पार हयगय केलीय बिचाऱ्याची."

तिने कूस बदलली. बघितलं. आणि उठूनच बसली.

"हे काय आणलंयस?"

"रिव्हॉल्व्हर. सहा गोळ्यांचं. दुकानदार म्हणाला, चालू स्थितीत आहे."

तो पुस्तकांची बांधणी करायचा. घरात झुरळ निघालं, तर त्याला पुठ्ठ्यावर बसवून, सांभाळून दाराबाहेर सोडून यायचा. वर 'परत येऊ नकोस हं' असं बजावायचा. असल्या माणसाला रिव्हॉल्व्हर कशाला हवं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. लेकीला चिरडणारा ट्रक ड्रायव्हर जामिनावर सुटून परत कामावर रुजू झाला होता. रस्त्याच्या टोकाला गोदाम होतं, तिथेच. खिडकीतून त्याचा ट्रक दिसायचा.

परवान्याच्या अर्जाची प्रत टेबलावर होती. 'कारण' या रकान्यात त्याने सुबक अक्षरात लिहिलं होतं : घरातल्या माणसाच्या जिवाला धोका. घरात माणसं उरली होती दोन. सरकारी कागदावर खरं कोण लिहितं, असं तिच्या मनात आलं.

"तुला जमणार नाही ते," ती म्हणाली.

"काय? साफसफाई? जमेल की. कशीही असली तरी वस्तूच आहे."

दर रविवारी तो पलंगाच्या पायथ्याशीच बसायचा. म्हणे, उजेड इथेच चांगला पडतो. चक्र बाहेर काढायचं, सहाही घरं पुसायची, नळीतून चिंधी ओढायची, तेलाचे दोन थेंब. बाळाचे कान साफ करावेत तसा हळुवार हात. नंतर तो ते लपवायचा आणि लपवण्यात त्याचा हात कोणी धरला नसता : एकदा गाळण्याशेजारी, एकदा पिठाच्या डब्यात.

पिठाच्या डब्यात रिव्हॉल्व्हर असल्यावर स्वयंपाकघर नवऱ्याच्या हवाली कसं करायचं? ती ओट्यापाशी उभी राहू लागली. उभीच आहे तर पोळ्या तरी लाटाव्यात, म्हणून लाटू लागली. तो भरपेट जेवला की त्याला झोप येते, हे तिला पंचवीस वर्षं माहीत होतं. झोपलेला माणूस खून करत नाही.

गोळ्यांची डबी तिने एका दुपारी लेकीच्या कपाटात दडवली. ते कपाट तोवर तिला उघडवलं नव्हतं. निळ्या स्वेटरची बाही धरून ती तिथेच खाली बसली आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली. बाहेर तो पुस्तकाच्या पाठीला सरस लावत होता. त्याचा हात थांबला. आत मात्र तो आला नाही.

पुढच्या रविवारी डबी पुन्हा वर्तमानपत्रावर.

"जरा गोदामापर्यंत पाय मोकळे करून येतो," एका संध्याकाळी तो म्हणाला.

"मी पण येते."

"तू? बरं. चपला घाल."

कोट चढवून ती निघाली. तो इतका सावकाश चालत होता, की एका म्हातारीने दोघांना मागे टाकलं. गोदामाच्या फाटकाशी ड्रायव्हर डबा खात बसला होता. नवऱ्याचा हात खिशात गेला. तिने तो मनगटाशी गच्च धरला. खिशातून रुमाल निघाला. त्याने नाक शिंकरलं. त्याचे डोळेही ओले होते.

"घरी चल," ती म्हणाली. "तूही गेलास तर मी कुणाकडे बघू?"

तो वळला. परतताना मनगट तिच्याच हातात होतं.

त्या दिवशी तिने ठरवलं. मंगळवारी तो केस कापायला गेला, तशी तिने रिव्हॉल्व्हर पिशवीत घातलं, वर कोबीचा गड्डा ठेवला आणि पावतीवरचा पत्ता शोधत दुकान गाठलं.

"काकू, भाजीवाला पलीकडे बसतो," दुकानदार म्हणाला.

तिने कोबी काउंटरवर ठेवला. मग रिव्हॉल्व्हर.

दुकानदार सावरून बसला. चक्र रिकामं आहे ना, ते त्याने आधी बघितलं. "अरे, हे तर आमच्याकडचंच. काका कसे आहेत? काय चकाचक ठेवलंय हो! परत द्यायचंय का?"

"नाही. परत दिलं तर दुसरं आणेल. हे बिघडवून द्या. दिसायला असंच राहू दे, पण उडता कामा नये. आणि त्याला कळताही कामा नये."

"काकांपासून चोरून?"

"तो एकाचा जीव घेईल आणि जन्मभर तुरुंगात सडेल. लेक गेली माझी. आता हा एकच उरलाय मला. करा ना एवढं. हात जोडते."

दुकानदाराने घोडा मागे ओढून उजेडात धरला आणि तिला दाखवला.

"काकू, हे उडतच नाही. घोड्याचं गोळीवर आपटणारं टोकच घासून टाकलंय."

"कोणी?"

"मीच. काकांनी घेतलं त्याच दिवशी, इथे उभं राहून घासून घेतलं. म्हणाले, बायकोला कळता कामा नये."

"मग घेतलं कशाला?"

"मीही तेच विचारलं," दुकानदार म्हणाला. "तर म्हणाले, पोरगी गेल्यापासून ती अंथरुणातून उठलेली नाही. आता मला अडवायला तरी उठेल."