फोनवर बोललेला माणूस

"वकील नाही तुमचा?" न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"नाही. माझं मीच बघते," लाँड्रीवाल्या ताई म्हणाल्या.

बँकेच्या वकिलाने हसू दाबलं. क्रेडिट कार्डाचे पैसे थकवायचे आणि वर स्वतःच स्वतःचा खटला लढवायचा. अशांचं पाणी तो पहिल्याच तारखेला जोखायचा.

मागच्या बाकावर ताईंची वहिनी बसली होती. दर तारखेला ती यायची, पर्स मांडीवर घट्ट धरून बसायची आणि तशीच परत जायची. गेलं वर्षभर ती ताईंकडेच राहत होती. दुकानात ताई इस्त्री फिरवायच्या, वहिनी घड्या घालायची. वसुलीचे फोन यायचे ते तिथेच. बाकीच्यांचे फोन ताई कापून टाकायच्या, एकाचा मात्र घ्यायच्या, तोही स्पीकरवर. तो तोंडाचा पट्टा सोडायचा. दुकानाला टाळं ठोकू, गिऱ्हाइकांसमोर अब्रू काढू, पोराबाळांना तोंड दाखवायची सोय राहणार नाही. ताईंची इस्त्री क्षणभरही थांबायची नाही.

"हो दादा, देणं आहे माझं," एवढंच त्या म्हणायच्या. वहिनी मात्र हातातली घडी तशीच टाकून आत निघून जायची.

आणि कोर्टात ताईंनी घूमजाव केलं. फोनवर आपण काहीच कबूल केलेलं नाही, असं त्यांनी लेखी उत्तरात ठणकावून सांगितलं.

शेजारचा औषधवाला कळवळून म्हणाला, "बँकेवर एवढा दात कशाला? कार्ड तर तुम्हीच मागून घेतलं होतंत."

ताईंनी इस्त्रीला आलेल्या त्याच्या शर्टाची कॉलर नीट दाबली आणि विषय बदलला.

पुढच्या तारखेला वकिलाने त्यांना व्हरांड्यात गाठलं. निम्मे पैसे सोडतो, उरलेले हप्त्याने भरा, कशाला जिवाला त्रास करून घेता, असं बरंच काही बोलला.

"मी कबूल केलं म्हणणाऱ्या माणसाला आधी उभा करा," ताई म्हणाल्या.

"केला, तर तुम्हीच तोंडघशी पडाल."

"पडेन की."

वकिलाला तेच हवं होतं. त्याने माणूस आणला.

तिशीचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस पिंजऱ्यात आला. शपथ घेऊन त्याने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, राहायचा पत्ता सांगितला. या बाईंनी देणं वारंवार मान्य केलं, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, असंही सांगितलं. वकील समाधानाने खाली बसला.

ताई उठल्या. त्यांच्या हातात कागद नव्हता.

"फोनवर तुम्ही हे नाव सांगत नव्हतात."

"नाही. आमच्याकडे कामासाठी वेगळं नाव घ्यावं लागतं."

"ते नाव ऑफिसात आणखी कोणाचं आहे?"

"कोणाचंच नाही. लागल्यापासून ते माझ्या एकट्याचं," तो जरा ऐटीतच म्हणाला.

ताईंच्या विनंतीवरून ते फोनवरचं नाव आणि हे उत्तर शब्दन् शब्द नोंदवलं गेलं. ताईंनी मागे वळून पाहिलं. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने होकारार्थी मान हलवली.

"आणखी काही विचारायचंय?"

"नाही, मॅडम. दावा मला मान्य आहे. पैसे बाजूला काढूनच ठेवलेत, सगळे आजच भरते."

वकील अर्धवट उठला आणि तसाच राहिला. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. मग इतके महिने कोर्टाचा वेळ का खाल्लात, असं त्यांनी कठोर आवाजात विचारलं.

ताईंची नजर पिंजऱ्यातल्या माणसावरून हलली नाही.

"पोलिसांना खोट्या नावाचा माणूस सापडत नव्हता," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाने जीव दिला, त्या दुपारी त्याला शेवटचा फोन याच नावाने आला होता."