कोपालमधली भेसळ

सिप्रियानोने कोपाल धुपाचा खडा निखाऱ्यावर टाकला आणि नाक पुढे केलं. धूर आला, डोळे चुरचुरले. वास नाही.

म्हणजे यातही भेसळ.

पितरांच्या सणाला मेलेली माणसं धुपाच्या वासावरूनच घर शोधत येतात. बायको एर्मिला मे महिन्यात गेली, तिचं हे पहिलंच वर्ष. उद्या दुपारी ती गल्लीच्या तोंडाशी येईल आणि घर न सापडून परत फिरेल.

तो खडे घेऊन तडक बाजारात गेला. धूप विकणाऱ्या कासिमिरा मावशीने खडा हुंगला, त्याच्याकडे बघितलं, मग शेजारच्या झेंडूवालीकडे. त्या नजरेवरूनच त्याने ओळखलं, दोघी सामील आहेत. सकाळी तिच्याकडून घेतलेल्या झेंडूलाही वास नव्हता.

"खडा चांगला आहे रे," मावशी म्हणाली. "माझ्या नवऱ्याला खेचराने लाथ मारली, तेव्हापासून त्याला नावं आठवत नाहीत. मला 'अगं ए' म्हणतो. जाऊबाईला चेहरे ओळखू येत नाहीत. डोकं शाबूत असलेला एक माणूस या बाजारात दाखव मला."

विषय बदलण्यात बाई पटाईत होती. तिने वर दिलेले खडे त्याने घेतले, पण आभार मानले नाहीत.

ही फसवाफसवी गेल्या हिवाळ्यात सुरू झाली होती. अक्रोडाच्या झाडावरून डोक्यावर पडून तो काही दिवस अंथरुणाला खिळला, तेवढ्यात सगळ्यांनी संधी साधली. कॉफीवाला भाजके चणे मिसळू लागला. साबण म्हणजे नुसता फेस. आणि एर्मिलासुद्धा मोलेच्या, त्या मिरचीच्या दाट रश्श्याच्या, मसाल्यात हात आखडायला लागली. एकदा त्याने ताट सरकवून विचारलं होतं, "कुणासाठी वाचवतेस?" दुसऱ्या दिवशी तिने मिरची दुप्पट घातली. जीभ भाजली, पण चव नाहीच. त्यानंतर ती जेवायला बसली की स्वतःच्या ताटाऐवजी त्याच्या तोंडाकडेच बघायची.

संध्याकाळी मुलगी रुफिना शहरातून आली, ती नाकाला शाल लावूनच. "बाबा, किती जाळलंत? पुलावर उतरले तिथपासून वास येतोय."

आपलं मन राखायला बोलते आहे, असं त्याला वाटलं. आईसाठी मांडलेल्या वेदीवर नैवेद्याला मोले ताजं वाट, त्याने बजावलं. आईच्या हातचं शेवटचं वाटण फडताळात आहे, पण ते बेचव. ते नको.

रुफिनाने तरी ती बरणी काढली. झाकण उघडलं आणि तिथेच भिंतीला टेकली.

"हे बेचव?" ती म्हणाली. "बाबा, आईच येऊन उभी राहिली इथं."

सिप्रियानोने बरणी दोन्ही हातांत घेतली आणि आत नाक घातलं. पुन्हा एकदा खोल श्वास घेतला. मग बरणी तिच्या हातात परत देत हळूच म्हणाला, "वास कसा येतोय, मला सांग."