मधला काटा

मासेवाल्या पोशट्टीने ओल्या हातानेच तपासणीचा कागद धरला, तशी लुबना म्हणाली, "अहो, भिजेल तो. तीन आठवडे लागलेत यायला."

"उन्हात वाळंल की. पर लिहिलंय काय ते सांगा, भाभी. मला इंग्रजी येत असतं तर मासे कापून राहिलो असतो का?"

लुबनाने सांगितलं. त्याने मरळ म्हणून दिलेल्या माशाचे उरलेले तुकडे तिने फ्रीजमध्ये जपून ठेवले होते. कॉलेजातल्या जुन्या मॅडमच्या ओळखीने त्यांची डीएनए तपासणी करून घेतली होती. ती मरळ नव्हती, पंगस होता, तळ्यात पाळलेला स्वस्त मासा. तो खाऊन तिच्या तीन वर्षांच्या सुमय्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. कोणता मासा होता ते नक्की कळेपर्यंत एकही मासा द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि सुमय्या मासा सोडून कशालाच नीट तोंड लावत नव्हती. पोरीच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती.

"म्हणजे मरळ सांगून पंगस विकता तुम्ही."

"मी कुठं विकून राहिलो? पेटीच तशी येते, सोललेली, बर्फातली. पेटीवाला म्हणतो मरळ, मग मी बी म्हणतो मरळ."

"तुम्हाला मासा ओळखता येत नाही?"

"डोकं असलं तर आंधळा बी ओळखंल." पोशट्टीने कागद तिच्या हातात परत दिला. "तुम्हीच म्हणला होता, डोकं नको, कातडं नको, शेपूट नको. काटा तर नावाला नको. मग राहिलं काय ओळखायला?"

शेजारच्या पोराच्या घशात काटा अडकला, त्या दिवसापासून लुबना असंच सांगत आली होती. पाणी मोबाइलवर वेळ लावून उकळणारी, दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचणारी ती, पोशट्टी मासा कापत असताना मात्र दर रविवारी नाकाला ओढणी लावून रस्त्याकडे तोंड करून उभी राहायची.

"मामा, माझे वीस किलो झाले का?" मागून मेसवाला ओरडला. "क्लासची पोरं एकला जेवायला येतेत."

"मरळ की पंगस?" पोशट्टीने मुद्दाम विचारलं.

"कोणता बी घाला. काटा नको फक्त. काटे काढत बसायला त्यांना टाइम कुठंय?"

पोशट्टीने लुबनाकडे बघितलं.

उलट्या घातलेल्या पेटीवर गुडघे चोळत बसलेली तिची सासू, अमीरबी, आता बोलली. "त्या दिवशी मी म्हणलं नव्हतं का, ह्याला मरळीचा वास न्हाई म्हणून? तू म्हणलीस, वास नाही ते बरंच."

"अम्मी, आता पुरे."

"मला काय. मी गप बसते." ती गप बसली नाही. उठून तिने टबात हात घातला आणि एक काळी, जिवंत मरळ मानेपाशी धरून वर काढली. मरळीने शेपटीने पाणी उडवलं, ते कागदावर पडलं. "ही घे. हिला तपासणी लागत न्हाई."

पोशट्टीने दांडक्याने मरळ गार केली, फळीवर आडवी घातली आणि सवयीने कोयता मानेवर ठेवला.

"थांबा," लुबना म्हणाली. "डोकं राहू द्या. डॉक्टरांना दाखवायचंय."

"डॉक्टर मासे बी तपासून राहिले का आता?"

मासा नक्की ठाऊक असेल तरच सुमय्याला नखाएवढा तुकडा दवाखान्यात, डॉक्टरांसमोर द्यायचा, असं ठरलं होतं. ओढणी लुबनाच्या खांद्यावर होती. या वेळी ती फळीकडे बघत होती.

पोशट्टीने मरळ पाठीतून उघडली. अमीरबीने वाकून बोट दाखवलं. "हा मधला काटा. मरळीला हा एकच. म्हणून तर लेकरांना मरळ देतेत."

"हे आधी का नाही सांगितलं, अम्मी?"

"तू विचारलंस कुठं? मोबाइलला विचारलंस."

लुबनाने ओला कागद काखेत धरला आणि बोट पुढे केलं. मानेपासून शेपटीपर्यंत तो काटा चाचपला. मग दोन्ही बाजूंचं मांस चाचपलं. एकदा, आणि परत एकदा. कुठेच काही टोचलं नाही.