आबांचं मशीन

झोपेत चुडामण आबांचा श्वास अडकायचा, म्हणून पुण्यातल्या मुलाने, हितेंद्रने, त्यांना नाकातोंडाला लावायचं हवेचं मशीन पाठवलं. चोपड्यातली अख्खी गल्ली ते बघायला आली. थोरल्या सुनेला बघायलाही एवढी माणसं आली नव्हती. आबा ओट्यावर बसून मास्क चढवत आणि खुणेने सांगत, बठ्ठ्या म्हणजे सगळ्या तालुक्यात असं मशीन दुसऱ्या कोणाकडे नाही. आजार तसा बऱ्याच जणांना होता. पण आबांइतका थाट कोणालाच जमला नव्हता.

थकवा मात्र हटेना. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आबा घोरतच चेअरमनपद भूषवत, ते गावाने चालवून घेतलं होतं. पण परवा केळीच्या मळ्याकडे जाताना गाडीवरच डोळा लागला आणि आबा गाडीसकट पाटात पडले. हात मोडला, जीव थोडक्यात वाचला. हितेंद्र धावत आला आणि आबांना, आई शेवंताबाईंना आणि मशीनला घेऊन जळगावच्या डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टरांनी मशीन उलटसुलट तपासलं.

"आबा, मशीन चांगलं आहे. रोज सात-आठ तास चाललंय. मग दिवसा झोप येते कशी?"

"ते तुम्ही सांगा. डॉक्टर तुम्ही का मी?" आबा गुरगुरले.

"रात्री मास्क निघून जातो का?"

शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. आबांनी डॉक्टरांकडे कीव आल्यासारखं पाहिलं.



"रातले? रातले पुसीसन कपाटमा ठेवस ना भाऊ. अंधारमा कोन देखस?"