जनाबाईची खुशी

“लग्नाचा दाखला?” टेंभी नाक्यावरच्या व्हिसा एजंटाने हात पुढे केला. धाकू हसला. वीस वर्षं जी बाई आपल्या घरात भाकरी थापते, तिचा दाखला मागणारा माणूस त्याला जरा येडाच वाटला.

एजंट हसला नाही. मस्कतच्या एका कंपनीने धाकूला बंदरात जहाजं ओढणारी टगबोट चालवायला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. कंपनी राहायला खोली देणार होती आणि बायकोला व्हिसा. “बायकोला,” एजंट पुन्हा म्हणाला. “दाखला नसेल तर कागदावर ह्या बाई तुमच्या कोणी लागत नाहीत.” धाकूने वळून पाहिलं. कोणी न लागणारी जनाबाई बाकावर बसून विमानाचं चित्र असलेलं कॅलेंडर बघत होती. त्यावर सत्त्याऐंशी साल होतं.

दाखला आणायचा कुठून? पहिला नवरा काविळीने गेल्यावर जनाबाई धाकूच्या घरी आली ती पाट लावून. विधवेचं दुसरं लग्न तेव्हा त्यांच्या कोळीवाड्यात असंच व्हायचं. जातीतली चार म्हातारी माणसं बसली, तिच्या भावाने आणि धाकूच्या बापाने बोलणी केली, आणि झालं. भटजी नाही, पत्रिका नाही, फोटो नाही. ती म्हातारी माणसंही एकेक करून गेली होती. साक्षीला उरली ती खाडी, आणि खाडीला सही येत नाही. धाकूने डोकं खाजवलं.

“मग आता करा की लग्न,” एजंट म्हणाला. “रजिस्टर. महिनाभर नोटीस, तीन साक्षीदार, सह्या.”

धाकू कामाला लागला. एकदा मनात घेतलं की त्याला दम निघत नसे. पासपोर्ट त्याने आधीच काढून घेतले होते. आता दोन मोठ्या बॅगा आणल्या. तिकिटाची तारीख ठरवली. मासळीबाजारातली जनाबाईची पंधरा वर्षांची बसायची जागा आपल्या बहिणीला, चंद्रभागेला, परस्पर देऊन टाकली. मस्कतला काय ती मासे विकणार होती? प्रत्येक गोष्ट करून झाली की तो तिला सांगायचा आणि ती “बरा” म्हणायची. बाई खुशीने गप्प आहे असं त्याला वाटलं. बायको गप्प असली की नवऱ्याला तिच्या मनातलं सगळं कळतं. धाकूला तर अंमळ जास्तच कळत होतं.

कोणाची हरकत असेल तर कळवा, अशी नोटीस कचेरीच्या फळ्यावर लागली. ती वाचायला निम्मा कोळीवाडा जाऊन आला. शेजारचा नाथा म्हणाला, “धाकू, एक हरकत घेऊ काय रे? वीस वर्सं पोरगी नुसती फिरवलीस.” पन्नाशीला आलेल्या धाकूचे कान लाल झाले.

महिना सरला. शुक्रवारी व्हिसाचे कागद द्यायचे होते आणि बुधवारी सकाळी ही मंडळी कचेरीत हजर झाली. साक्षीला नाथा, त्याची बायको सरस्वती आणि चंद्रभागा. साहेब चष्म्यातला, न हसणारा. त्याने धाकूला विचारलं, “तुमची संमती आहे?” धाकू म्हणाला, “हाय.” मग साहेब जनाबाईकडे वळला. “ह्या माणसाशी तुम्ही स्वखुशीने लग्न करताय?”

“हाय साहेब, तिचीपन हाय,” धाकू म्हणाला.

“मी त्यांना विचारतोय.”

जनाबाई काही बोलली नाही. पंखा फिरत राहिला. नाथाने खाकरून पाहिलं. सरस्वतीने तिला कोपराने ढोसलं. खवळलेल्या दर्यातून होडी आणलेल्या धाकूच्या मानेवर घाम आला. ही बाई नाहीही म्हणू शकते, हे त्याला वीस वर्षांत पहिल्यांदाच सुचत होतं. ती नाही म्हणाली तर मस्कत गेलंच, पण संध्याकाळी घरी कोणत्या तोंडाने जायचं? तो मनापासून घाबरला.

“साहेब, परत एकदा इचारा,” जनाबाई म्हणाली.

“ऐकू आलं नाही का?”

“आला. पन असा मना कोनी कधी इचारलाच नाय. दोनी वेलेला भावानंच ठरवला.”

साहेबाने पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. “जनाबाई,” तो सावकाश म्हणाला, “हा माणूस तुम्हांला नवरा म्हणून चालेल का?”

तिने धाकूला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघून घेतलं. मुरलेलं गिऱ्हाईक सुरमई बघतं, तसं. धाकूने पोट आत घेतलं.

“चालंल,” ती म्हणाली. “हाय माजी खुशी.” मग पदर खोचून तिने रात्रशाळेत शिकलेली मोठी मोठी अक्षरं एकेक करून वहीत काढली.

बाहेर आल्यावर सरस्वतीने डोळे पुसले. नाथाने पेढे वाटले. धाकूचा जीव भांड्यात पडला होता आणि तोंड सुटलं होतं. दाखला उद्या मिळेल, परवा एजंटाकडे, पुढच्या रविवारी बॅगा भरायच्या, लोणचं वेगळं बांधायचं. “आणि जना, विमानात तुला खिडकी मागतो,” तो म्हणाला.

जनाबाईने पेढा सावकाश संपवला. हात पदराला पुसला.

“लग्नाचा साहेबानं इचारला, म्हनून हाय बोलले,” ती म्हणाली. “मस्कतचा मना अजून कोनी इचारला नाय.”